नागासाकी: चढण लिफ्टने, उतरण पायी

फुकुओका शहरातल्या हाकाता स्टेशनाहून नागासाकीला जायला दीड तास पुरतो, पण गाडी एकच नाही. आधी रिले एक्स्प्रेस, मग ताकेओ-ओन्सेनला उतरून समोरच्याच फलाटावरची शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन. तिकीट मात्र एकच. तिथला हा शिंकान्सेनचा तुकडा 2022 मध्ये सुरू झाला. बदली काही मिनिटांचीच असते, तेव्हा बॅगा आधीच दाराशी आणून ठेवा. आम्ही ठेवल्या नव्हत्या. शेवटची बॅग काढेपर्यंत समोरच्या गाडीतले लोक आमच्याकडेच बघत होते.

आम्ही तिघं होतो: मी, बायको आणि गुडघेदुखीची आई. नागासाकी म्हणजे बंदराभोवती डोंगर आणि डोंगरावर घरं, त्यामुळे गुडघ्यांचा विचार आधी करा, बाकी सगळं नंतर. यावर उपाय म्हणजे ट्राम. मागच्या दाराने चढायचं, उतरताना पुढे ड्रायव्हरजवळच्या पेटीत पैसे टाकायचे. भाडं अंतर कितीही असो एकच, दीडशे येनच्या आसपास. पेटी सुट्टे परत देत नाही. नोट मोडायचं यंत्र शेजारीच असतं, पण लाल सिग्नल लागला की तेव्हाच मोडून ठेवलेली बरी. दिवसाचा कागदी पास ट्राममध्ये मिळत नाही, स्टेशनातल्या पर्यटन माहिती केंद्रातून घ्या.

पहिल्या दिवशी ग्लोव्हर गार्डन. 1863 मध्ये बांधलेलं स्कॉटिश व्यापारी ग्लोव्हरचं घर ही जपानमधली सर्वांत जुनी पाश्चात्त्य धाटणीची लाकडी इमारत. बहुतेक जण ओउरा चर्चच्या बाजूने चढत जातात आणि वर पोचेपर्यंत घामाघूम होतात. तुम्ही तसं करू नका. पाच नंबरच्या ट्रामने शेवटच्या इशिबाशी थांब्यापर्यंत जा. तिथून जवळच ग्लोव्हर स्काय रोड नावाची तिरकी लिफ्ट आहे, फुकट. डोंगराच्या उताराला धरून ती वर चढते, पुढे एक उभी लिफ्ट, की बागेचं वरचं फाटक. मग खाली बंदर बघत सावकाश उतरायचं. वाटेत आईने एकदाही ‘अजून किती?’ विचारलं नाही, यावरून काय ते समजा.

खालच्या फाटकातून बाहेर पडलं की ओउरा चर्च. 1865 मध्ये इथे काही गावकरी आले आणि आपण ख्रिस्ती असल्याचं त्यांनी फ्रेंच पाद्रींना हळूच सांगितलं. अडीचशे वर्षं बंदी असताना त्यांनी धर्म लपवून जपला होता. हे चर्च नागासाकीच्या 26 ख्रिस्ती हुतात्म्यांना वाहिलेलं आहे आणि त्याचं तोंड ते मारले गेले त्या निशिझाका टेकडीकडे आहे. हे वाचल्यावर मी दचकलोच. त्या 26 जणांत एक आमच्या वसईचा! ज्या कॉलेजातून बारावी केली त्याच्या पाटीवर नाव होतं: संत गोन्सालो गार्सिया. इतकी वर्षं वाचूनही तो नेमका कुठे गेला, हे मी कधी विचारलं नव्हतं.

देजिमाला दीड तास द्या. डच व्यापाऱ्यांना दोनशेहून अधिक वर्षं कोंडून ठेवलेलं हे पंख्याच्या आकाराचं कृत्रिम बेट. आता भोवती भराव पडून समुद्र लांब गेलाय, त्यामुळे बेट शोधत फिरू नका; नदीवरचा छोटा पूल ओलांडला की आलंच. आवारातलं लहानसं मॉडेल आधी बघा, मग गोदामं कळतात. इथून तांबं बाहेर जायचं आणि साखर आत यायची.

साखरेवरून कास्तेला. पोर्तुगिजांनी आणलेला हा केक. त्याच्या तळाचा कागद सोलला की जाड साखरेचे दाणे दाताखाली कुरकुरतात. अंडं भरपूर, त्यामुळे आई बाद. चाम्पोन या प्रसिद्ध नूडल्समध्ये डुक्कर आणि मासळी दोन्ही, ‘भाज्याच फक्त’ सांगून उपयोग नाही, कारण रस्साच हाडांचा. आईने दोन दिवस उमेबोशीच्या ओनिगिरीवर, म्हणजे आत खारवलेलं आंबट फळ घातलेल्या भाताच्या गोळ्यांवर, काढले. ‘हे आपलं लोणचं-भातच की,’ ती म्हणाली.

अणुबॉम्ब संग्रहालयासाठी अर्धा दिवस वेगळा ठेवा आणि त्यानंतर काही ठरवू नका. 11 वाजून 2 मिनिटांवर थांबलेलं घड्याळ सगळे बघतात. मी अडकलो तो एका शाळकरी मुलीच्या डब्यापाशी. आतला भात कोळसा झालेला. बॉम्ब उराकामीच्या खोऱ्यावर पडला आणि डोंगर आड आले, म्हणून बंदराकडचा भाग बराचसा वाचला. आदल्या दिवशी आम्ही ज्या चढांना नावं ठेवत होतो, तेच हे डोंगर.

निशिझाकाला आम्ही शेवटच्या सकाळी गेलो, ही चूक. स्टेशनपासून पायी पाचेक मिनिटंच आहे, पण चढ आहे आणि तिथे लिफ्ट नाही. पहिल्या दिवशी, पाय ताजे असताना जा. बॅगा स्टेशनातल्या लॉकरमध्ये टाका.

वर ब्राँझच्या 26 मूर्ती एका रांगेत आहेत. पाय खाली लोंबलेले, जमिनीला न टेकलेले. 1597 च्या फेब्रुवारीत जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमाने त्यांना क्योतोपासून इथवर चालवत आणून क्रुसावर मारलं. मूर्तींमागच्या संग्रहालयातल्या बाईंना मी ‘गोन्सालो’ एवढंच म्हटलं, तर त्यांनी बाहेर येऊन मधल्या भागातली मूर्ती बोटाने दाखवली.

आईने चपला काढून हात जोडले. मग विचारलं, ‘एवढ्या लांब हा करायचा काय रे?’

‘आधी व्यापार. मग फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संन्यासी पंथात गेला. जपानी येत होतं, म्हणून दुभाष्या.’

‘आणि घरी परत आलाच नाही?’

गाडीला वीस मिनिटं होती. आई चपला घालायला तयार नव्हती.