परिपत्रक निघाल्यानंतरचे काम : महिला हक्कांच्या क्षेत्रातील माझा अनुभव

गावातील राहत्या घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावाने व्हावी, असे परिपत्रक ग्रामविकास विभागाने २००३ मध्ये काढले. समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण संपवून मी मराठवाड्यातील एका संस्थेत रुजू झाले, ती त्याच्या अंमलबजावणीचा पाठपुरावा करण्यासाठी. देशातील पहिले राज्य महिला धोरण महाराष्ट्राने १९९४ मध्ये जाहीर केले हे अभ्यासून झाले होते. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे गावातील घरांच्या करआकारणीची नोंदवही, मात्र कधी हातात घेतला नव्हता.

कागदोपत्री प्रक्रिया सोपी आहे. पती-पत्नींनी संयुक्त अर्ज द्यायचा, मासिक सभेत ठराव व्हायचा आणि ग्रामसेवकाने (आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याने) नोंद घेऊन उतारा द्यायचा. प्रत्यक्षात अर्जाची पोच मिळवण्यातच आमची पहिली शक्ती खर्ची पडे, म्हणून पोच हातात आल्याशिवाय कार्यालयातून उठायचे नाही, असा दंडकच आम्ही घालून घेतला. ‘उद्या घर विकायचे झाले तर बाईची सही लागेल,’ अशी तक्रार पारावर हमखास ऐकू येई. सही लागावी हाच तर सगळ्या खटाटोपाचा हेतू होता, पण तसे तोंडावर म्हणून चालत नाही.

खरी मेख रकान्यांत होती. नमुना ८ मध्ये मालकाचे नाव आणि भोगवटा करणाऱ्याचे, म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्याचे, नाव असे वेगवेगळे रकाने असतात. काही ठिकाणी पत्नीचे नाव दुसऱ्या रकान्यात घालून ‘नोंद झाली’ असे कळवले जाई. हा उतारा मुळात करआकारणीचा, मालकीचा निर्विवाद पुरावा नव्हे; त्यातही बाई नुसती राहणारी ठरली तर तिच्या पदरात काय पडले?

जिल्हा स्तरावर द्यायच्या निवेदनाचा माझा मसुदा राज्यघटनेपासून सुरू होऊन पानेच्या पाने चालला होता. एका निवृत्त अधिकाऱ्यांनी तो वाचून सांगितले, ‘संदर्भात परिपत्रकाचा क्रमांक आणि तारीख घाला, मागणी पहिल्याच परिच्छेदात एका वाक्यात लिहा, सोबत चुकीच्या उताऱ्यांच्या प्रती जोडा.’ धोरणाच्या कामाचे याहून उपयुक्त शिक्षण मला कोठे मिळाले नाही. पुढे पत्नीचे नाव मालकाच्या रकान्यातच घ्यावे, असे लेखी पत्र तालुक्यांना गेले आणि उतारे दुरुस्त होऊ लागले.

परित्यक्ता स्त्रियांचा प्रश्न त्यातून सुटला नाही, कारण संयुक्त अर्जावर सही करायला नवरा हजरच नसतो. सध्या माझ्या टेबलावर त्यांच्यासाठीचा मसुदा आहे.