डॉसनव्हिलचा भोंगा

अटलांटाच्या उत्तरेला राहणाऱ्या आपल्या मंडळींना डॉसनव्हिल म्हटलं की आउटलेट मॉल आठवतो. जॉर्जिया ४०० धरून वर जायचं, भारतातून आलेल्या आईवडिलांना बूट-बॅगा घ्यायच्या, वेळ उरला तर अमिकलोलाचा धबधबा दाखवायचा आणि अंधार पडायच्या आत घरी. खरं गाव मॉलपासून आत, ५३ नंबरच्या रस्त्यावर आहे, आणि तिकडे सहसा कोणी वळत नाही.

मीही वळलो नसतो. पण २०२५च्या एप्रिलमध्ये बाबा आले होते. त्यांची सगळी नोकरी सांगलीकडच्या एका एसटी डेपोत, मेकॅनिक म्हणून गेली. मॉल बघून झाले होते, धबधबा म्हटल्यावर "आंबोलीला पाहिलाय" असं उत्तर आलं. शेवटी मी म्हटलं, "बाबा, इथे एक गाव आहे. त्या गावचा पोरगा मोटारींची शर्यत जिंकला की एका खाणावळीच्या छपरावरचा भोंगा वाजतो." बाबा बूट घालायला उठले.

शर्यत म्हणजे नॅस्कारची. आपल्याकडे फॉर्म्युला वन माहीत असते, ती उघड्या चाकांची, विमानासारखी दिसणारी गाडी. इथली स्टॉक कार वरून साध्या फोर्ड-शेव्हरलेसारखी दिसते, फेऱ्या बहुतेक डावीकडे वळत मारायच्या आणि हंगाम फेब्रुवारी ते नोव्हेंबर, जवळजवळ दर आठवड्याला. एवढा लांब हंगाम असल्यामुळे माणसाचं नशीब कसं फिरतं ते अगदी जवळून दिसतं.

आधी गेलो जॉर्जिया रेसिंग हॉल ऑफ फेमला. नगरपालिकेचं कार्यालय, शर्यतींचं संग्रहालय आणि २०१२ साली सुरू झालेली दारूची परवानाधारक भट्टी, हे सगळं एका छपराखाली. बाबा पाटीकडे बघून हसले. "एकदम सोयीचं काम आहे." पण यामागे इतिहास आहे. १९३०च्या दशकात या डोंगरांत मक्याची हातभट्टी लागायची आणि गावची पोरं रात्री दिवे विझवून माल अटलांटाला पोचवायची. फोर्डची व्ही-८ इंजिनाची गाडी, मागे पोलीस. रविवारी हीच पोरं हौसेनं एकमेकांशी शर्यत लावायची. बाबा एका जुन्या फोर्डपाशी वाकून बराच वेळ खाली बघत होते. "मागचे स्प्रिंगचे पाटे वाढवलेत. माल भरला की गाडी बसू नये म्हणून. रिकामी असली तर मागून उचललेली दिसणार." तसंच होतं. ढुंगण वर केलेली गाडी दिसली की पोलिसांना कळायचं, पठ्ठ्या माल टाकून परत चाललाय.

तिथून गावच्या दफनभूमीत. लॉइड सी या पोराचं थडगं बघायचं होतं. दगडात त्याची फोर्ड कोरलीय आणि गाडीच्या खिडकीत त्याचा फोटो बसवलाय. १ सप्टेंबर १९४१ला त्यानं अटलांटातल्या लेकवुड ट्रॅकवरची मोठी शर्यत जिंकली. दुसऱ्या दिवशी चुलतभावानं त्याला गोळी घालून मारलं. वाद कशावरून, तर भट्टीसाठी उधार आणलेल्या साखरेच्या हिशेबावरून. वय २१. नॅस्कार ही संघटनाच १९४८ची, म्हणजे ज्या खेळाचा तो पहिला तारा व्हायचा, तो खेळ जन्मायच्या आधी हा गेला. इथे हंगामागणिक वरखाली होण्याचा प्रश्नच आला नाही. एक दिवस वर, दुसऱ्या दिवशी संपलं.

गावचं खरं दैवत मात्र बिल एलियट. रस्त्याला त्याच्या घराण्याचं नाव आहे. जन्म १९५५चा, वडिलांचं फोर्ड गाड्यांचं दुकान, थोरला भाऊ अर्नी इंजिनं बांधणारा. १९७६पासून शर्यतीत होता, पहिला विजय १९८३च्या शेवटच्या शर्यतीत, थेट कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला. आणि मग १९८५.

या एका वर्षाबद्दल मी गाडीत बाबांना इतकं सांगितलं की ते शेवटी "अरे, रस्त्याकडे बघ" म्हणाले. २८ शर्यतींत ११ विजय. टॅलडेगाच्या ट्रॅकवर तेलाची नळी गेली, पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागी, थांबावं लागलं, जवळजवळ दोन फेऱ्यांनी मागे पडला. सहसा अशा वेळी दुसऱ्या कुणाचा अपघात होतो, पिवळं निशाण लागतं, सगळे एकत्र येतात आणि मागच्याला संधी मिळते. बिलला तसलं काही मिळालं नाही. नुसत्या वेगावर त्यानं ते सगळं अंतर भरून काढलं आणि जिंकला. डेटोना, टॅलडेगा आणि डार्लिंग्टन अशा तीन मोठ्या शर्यती घेतल्या म्हणून सिगारेट कंपनीनं ठेवलेलं दहा लाख डॉलरचं बक्षीस त्याला मिळालं. पण वर्षाचा किताब? तो डॅरेल वॉल्ट्रिपला. विजय फक्त ३.

बाबांना हे पटेना. "अकरावाला हरला आणि तीनवाला जिंकला? कसलं गणित?"

गणित असं होतं. त्या पद्धतीत विजेत्याला १७५ गुण आणि दुसऱ्याला १७०. एक फेरी जरी आघाडीवर राहिलात तरी ५ जास्तीचे, सर्वांत जास्त फेऱ्या आघाडीवर राहिलात तर आणखी ५. म्हणजे पहिल्या-दुसऱ्यात फरक चिल्लर, पण गाडी बंद पडून तिसाव्या नंबरावर गेलात तर शंभरभर गुण बुडाले. डार्लिंग्टननंतर बिलची आघाडी दोनशेच्या वर होती. उरलेल्या शर्यतींत ती सगळी गेली आणि तो शेवटी १०१ गुणांनी मागे राहिला. बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे तर एसटीसारखं झालं. कोण किती जोरात आला ते नाही, ब्रेकडाउन किती कमी ते बघायचं." मला वॉल्ट्रिपची यापेक्षा चांगली बाजू मांडता आली नसती. तरी माझं मत बदललेलं नाही. १९८५चा खरा राजा बिलच.

किताब त्याला १९८८ला मिळाला. दरम्यान १९८७ला टॅलडेगाला पात्रता फेरीत त्यानं ताशी २१२.८०९ मैल वेग गाठला, म्हणजे जवळपास ३४२ किलोमीटर. तो विक्रम आजही आहे, कारण पुढच्या वर्षापासून तिथे इंजिनाला हवा कमी मिळेल अशी चकती बसवायला लागले.

मग १९९२. अटलांटाच्या दक्षिणेला हॅम्प्टन नावाचं गाव आहे, तिथल्या ट्रॅकवर १५ नोव्हेंबरला शेवटची शर्यत. रिचर्ड पेटी, २०० विजयांचा धनी, त्याची ही शेवटची. १९८४नंतर त्याला एकही विजय मिळाला नव्हता, तरी तो आठ वर्षं पळत राहिला. जेफ गॉर्डन नावाच्या पोराची ही पहिली. आणि किताबासाठी बिल विरुद्ध अ‍ॅलन कुल्विकी, जो आपल्याच छोट्या संघाचा मालकही होता. शर्यत बिलनं जिंकली, कुल्विकी दुसरा. पण कुल्विकी १०३ फेऱ्या आघाडीवर राहिला होता, बिल १०२. ते जास्तीचे ५ गुण कुल्विकीला गेले आणि किताब त्यानं १० गुणांनी नेला. एक फेरी इकडची तिकडे झाली असती तर दोघांचे गुण सारखे झाले असते, आणि जास्त विजय असल्यानं किताब बिलचा. पाच महिनेही झाले नाहीत तोवर, १ एप्रिल १९९३ला, कुल्विकी विमान अपघातात गेला.

बिलचा त्यानंतरचा काळ सांगायला फारसं काही नाही, आणि तेच सांगण्यासारखं आहे. १९९३ कोरडं. १९९४ला डार्लिंग्टनला एक विजय. १९९५, ९६, ९७, ९८, ९९, २००० कोरडी. यात १९९६ला टॅलडेगाला मांडीचं हाड मोडलं. बाबांचा प्रश्न सरळ होता: "ड्रायव्हर तोच ना? मग गाडी कुणाची होती?" १९९५पासून त्याची स्वतःचीच. आपला संघ काढला होता, आणि तेव्हा हेंड्रिक आणि राउश हे मालक तीन-तीन, चार-चार गाड्या पळवून एकीचं शिकलेलं दुसरीला लावत होते. एकट्या गाडीवाल्याला ते परवडणारं नव्हतं. २००१ला तो रे एव्हर्नहॅमच्या संघात गेला आणि त्याच वर्षी होमस्टेडला जिंकला. मध्ये २२६ शर्यती गेल्या होत्या. वय ४६. पुढच्या वर्षी आणखी दोन जिंकला. म्हणजे हात गेले नव्हते. मला वाटतं, ड्रायव्हर "संपला" असं आपण म्हणतो तेव्हा निम्म्या वेळा त्याच्या वर्कशॉपचा हिशेब संपलेला असतो.

दुपारी पूल रूममध्ये पोचलो. बिल एलियट स्ट्रीटवर छोटीशी खाणावळ, आत पूलची टेबलं, भिंती फोटो आणि गाड्यांच्या पत्र्यांनी भरलेल्या. बाबांनी आधी बाहेरूनच भोंगा कुठाय ते शोधलं. मी बर्गर घेतला. बाबा शाकाहारी, त्यांच्यासाठी तळलेले बटाटे आणि गोड चहा, जो इथे बर्फ घालून देतात. "हे सरबत आहे," म्हणाले, पण दोन ग्लास प्यायले.

टीव्हीवर शर्यत सुरू होती. आता भोंगा वाजतो तो बिलचा मुलगा चेस जिंकला तर. ९ नंबरची गाडी, संघ हेंड्रिकचा, म्हणजे वडिलांना ज्यांनी मागे टाकलं त्यांच्याच दारात मुलगा. त्याचंही काही सरळ नाही. २०१६ला गॉर्डनच्या जागी आला, दुसरा नंबर पुनःपुन्हा मिळवला, पहिला विजय २०१८च्या ऑगस्टमध्ये वॉटकिन्स ग्लेनला. २०२०ला किताब, तोही शेवटच्या शर्यतीत तपासणीत गाडी नापास होऊन रांगेच्या मागून सुरुवात केल्यावर. २०२२ला ५ विजय. २०२३च्या मार्चमध्ये बर्फावर घसरण्याच्या खेळात पाय मोडला, सहा शर्यती हुकल्या, परतल्यावर एकाला ठोकलं म्हणून एका शर्यतीची बंदी, वर्षभरात विजय शून्य. २०२४च्या एप्रिलमध्ये टेक्ससला एक. आम्ही गेलो तेव्हा त्याला वर्ष होत आलं होतं. फेब्रुवारीत एक प्रदर्शनी शर्यत त्यानं जिंकली होती, पण तिचे गुण नसतात.

शेजारच्या टेबलावर म्हातारे गृहस्थ होते, डोक्यावर ९ नंबरची टोपी. बाबांचं इंग्रजी आणि त्यांचं डोंगरी इंग्रजी यांचं जुळणं कठीण होतं, पण इंजिनावर दोघांचं बरं चाललं. मी त्यांना म्हटलं, मी २०२४च्या फेब्रुवारीत हॅम्प्टनला होतो. त्यांनी लगेच खुर्ची वळवली. त्या दिवशी शेवटच्या फेरीत तीन गाड्या शेजारी-शेजारी रेषेवर आल्या: डॅनियल सुआरेझ, रायन ब्लेनी, काइल बुश. आमच्या स्टँडमध्ये कुणालाच कळेना कोण जिंकलं, सगळे मोठ्या पडद्याकडे माना वर करून उभे. सुआरेझ ०.००३ सेकंदानं पुढे होता. मेक्सिकोचा हा पोरगा, आधी एका मोठ्या संघानं एका वर्षात काढलेला, मग अगदी छोट्या संघातून वर आलेला. तो आनंद बघून वाटलं होतं, याचं आता बस्तान बसलं. २०२५च्या हंगामाबरोबर त्याचं त्या संघातलं आसनही गेलं. आणि त्याच २०२४ साली काइल बुशची दरवर्षी किमान एक विजय ही १९ हंगामांची माळ तुटली.

टीव्हीवरच्या त्या शर्यतीत चेस काही पहिल्या पाचातही आला नाही. भोंगा गप्प. शेवटच्या दहा फेऱ्यांतच म्हाताऱ्यांनी बिल मागवलं, टोपी सारखी केली आणि पुढच्या आठवड्याच्या ट्रॅकवर चेसचं कसं जमतं ते बाबांना समजावायला लागले. रागावलेले नव्हते. २००१पर्यंत ज्यांनी वाट पाहिली, त्यांना एक वर्ष म्हणजे काय!

बाबा परत गेल्यावर दर सोमवारी त्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एकच शब्द यायला लागला: "भोंगा?" मी "नाही" लिहायचो. मे गेला, जून सरत आला. २८ जूनची शर्यत शनिवारी रात्री, हॅम्प्टनलाच. ब्रॅड केसेलोव्स्की पुढे होता, शेवटच्या फेरीत चेसनं त्याला गाठलं आणि मागे टाकलं. ४४ शर्यतींनंतर विजय, आणि तोही घरच्या ट्रॅकवर. मी न राहवून थेट फोन लावला. तिकडे रविवारची सकाळ होती, मागे कुकरच्या शिट्ट्या.

"शेवटच्या फेरीत? एकटा गेला?"

"नाही, मागून बोमननं ढकललं. त्याच्याच संघातला."

"हां," बाबा म्हणाले, "मग बरोबर. आणि गाडीला काही झालं नाही ना?"