आमची वाटचाल : पुट्टीखालचा पत्रा

रत्नागिरीजवळच्या मिरजोळे औद्योगिक वसाहतीतील आमच्या गाळ्यात आज मुख्यतः जुन्या मोटारींच्या बॉडीवरील रंग आणि गंज काढण्याचे काम होते. परंतु वडिलांनी १९९१ मध्ये रस्त्याकडेच्या शेडमध्ये डेंटिंग-पेंटिंग सुरू केले, तेव्हा आमचे काम गंज काढण्याचे नसून तो झाकण्याचे होते. मडगार्डला भोक पडले की आत जाळी बसवायची, वरून पुट्टी भरायची, पॉलिश पेपरने घासून सपाट करायची आणि रंग मारून गाडी द्यायची, अशी रीत तेव्हा अनेक गॅरेजांत होती आणि आम्हीही ती पाळली, हे लपवण्यात अर्थ नाही. पुढचा पावसाळा सरला की त्याच जागी फोड येई, गिऱ्हाईक पुन्हा येई, आणि यात दोघांनाही काही वावगे वाटत नसे.

किनाऱ्यावरच्या गाडीचा गंज बाहेरून आत जात नाही, आतून बाहेर येतो, हे समजायला आम्हाला बरीच वर्षे लागली. दरवाज्याच्या तळाशी पाणी निचरण्यासाठी ठेवलेली भोके पालापाचोळ्याने बुजतात, मडगार्डच्या आत लाल माती थापली जाते, आणि खाऱ्या वाऱ्यातून येणारे मीठ हवेतील ओल धरून ठेवत असल्यामुळे ऊन पडले तरी त्या कोपऱ्यांतला पत्रा पुरता सुकत नाही. बाहेरच्या रंगावर मुगाएवढा फुगवटा दिसतो, त्या वेळी आतला पत्रा अनेकदा कागदासारखा झालेला असतो.

वडिलांच्या पश्चात धंदा माझ्याकडे आला, त्यानंतर एका निवृत्त शिक्षकांनी त्यांची प्रीमियर पद्मिनी आणली आणि ‘पत्रा उघडा करा, जे असेल ते मला दाखवा’ असे सांगितले. आम्ही लोहचुंबक फिरवून पाहिले, तर डाव्या बाजूला तो तीन ठिकाणी चिकटेना. म्हणजे तिथे पत्र्याऐवजी पुट्टीच होती, आणि त्यातली एक जागा आमच्याच शेडमध्ये भरलेली होती. काम लवकर उरकावे म्हणून बॉनेट आणि दरवाजे आम्ही लोखंडी सांगाडे साफ करणाऱ्या एका ठिकाणी सँड ब्लास्टिंगला, म्हणजे दाबाच्या हवेने वाळू मारून रंग-गंज काढायला, दिले. परत आले ते पत्रे स्वच्छ होते, पण बॉनेट मधोमध पापडासारखे फुगले होते. अशा वेळी घर्षणाच्या उष्णतेला दोष देण्याची पद्धत आहे. माझ्या मते मुख्य कारण वेगळे आहे. जाड कण जोराने आदळले की पत्र्याची एक बाजू ठोकली जाऊन ताणली जाते, आणि जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा पत्रा त्या ताणाने वाकतो. त्यात वापरलेली वाळू खाडीची असावी, कारण दरवाज्यांवर राहिलेल्या मिठाने सहा महिन्यांत नव्या रंगाखाली बारीक फोड आणले. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून दुसरे बॉनेट आणून बसवण्याचा आणि दरवाजे पुन्हा रंगवण्याचा खर्च आम्ही सोसला.

या नुकसानीनंतर आम्ही ब्लास्टिंगचे स्वतःचे यंत्र घेतले. वाळूच्या बारीक धुळीतील सिलिकामुळे फुफ्फुसांना सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही, म्हणून वाळू पूर्णपणे बंद करून बारीक गार्नेट (एका कठीण खनिजाचे कण) वापरायला लागलो आणि फवारणाऱ्या कारागिरासाठी बाहेरून हवा पुरवणारे शिरस्त्राण घेतले. आजही बॉनेट, टप आणि दरवाज्याचे मोठे सपाट पत्रे आम्ही ब्लास्ट करत नाही. तिथे रंग फुगवणारे रिमूव्हर लावून पापुद्रे खरवडतो आणि उरलेले हाताने घासतो. फवारा फक्त कोपरे, सांधे आणि चॅसीसाठी, तोही कमी दाबाने आणि तिरका. सांध्यांत मात्र रिमूव्हर जाऊ देत नाही, कारण तिथून ते धुऊन निघत नाही आणि पुढे रंग उचलते. खोल खड्ड्यांतला गंज फॉस्फरिक आम्लाने लोह फॉस्फेटमध्ये बदलतो, पण ते आम्ल नीट धुऊन पत्रा कोरडा केल्याशिवाय इपॉक्सी प्रायमर (रंगाआधीचा गंजरोधक थर) मारत नाही. आम्ल उरले तर प्रायमर धड वाळतच नाही. या एका चुकीपायी एका जीपच्या तळाचा पूर्ण पत्रा आम्हाला पुन्हा खरवडावा लागला.

सर्वांत अवघड गोष्ट होती दर ठरवण्याची. पुट्टीखाली काय निघेल हे आधी कोणालाच सांगता येत नसताना गाडीमागे एकच रक्कम ठरवली, की तोटा तरी होतो किंवा पुन्हा झाकाझाकीचा मोह होतो. म्हणून आता आम्ही रंग काढण्याचे काम तासांवर घेतो, उघड्या पत्र्याचे फोटो मालकांना पाठवतो आणि कापायचे किती हे त्यानंतर ठरवतो. फोटो पाहून काहीजण गाडी तशीच परत नेतात. त्याचे वाईट वाटते, परंतु ज्या गाडीत पत्र्यापेक्षा पुट्टी जास्त आहे, तिच्यावर पैसे घालू नका, हे आम्हीच अनेकदा सुचवतो.

जून ते सप्टेंबर आम्ही पूर्ण बॉडी उघडी करत नाही. कोकणातल्या पावसाळी हवेत सकाळी चकाकणारा पत्रा दुपारपर्यंत तांबूस होतो. त्यामुळे त्या दिवसांत जेवढा भाग संध्याकाळपर्यंत प्रायमरखाली जाईल तेवढाच घ्यायचा, आणि कॉम्प्रेसरच्या नळीतले पाणी तासातासाला काढायचे, असा नियम आहे. गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांना त्याआधीच गाडी हवी असते, आणि नकार ऐकून ते नाराज होतात. सध्या गाळ्यात तळ कापलेली एक जीप ताडपत्रीखाली उभी आहे. तिचे मालक मुंबईहून दर रविवारी फोन करतात, आणि आम्ही त्यांना दसऱ्यानंतरची तारीख सांगतो.