तुम्ही विचारलंत म्हणून: सात कोंबड्यांना एवढा बंदोबस्त कशाला?

आमच्या मागच्या दाराशी आलेला प्रत्येक माणूस दोन मिनिटं थांबतो, खुराड्याकडे बघतो आणि तेच विचारतो. सात कोंबड्यांना एवढं कशाला? चिऱ्याचे खांब, अर्ध्या इंचाची जाळी, दाराला दोन कड्या आणि वरच्या कडीत परत पिन. नणंदेने विचारलं, ऑफिसातल्यांनी विचारलं, सिलिंडर घेऊन येणाऱ्यानेसुद्धा विचारलं. आजवर मी 'असंच हो' म्हणून चहा ठेवायला आत जायचे. आता एकदा सगळं लिहून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी हेच वाचायला देता येईल.

आधी पैशाचं. नाही परवडत. २३ हजार खर्च आला, मेस्ताची म्हणजे मिस्त्रीची मजुरी धरून, आणि एक अंडं केवढ्याला पडतं ते कृपा करून मला सांगू नका, मी स्वतः वहीत मांडून बघितलंय. त्यात श्रावणात आमच्याकडे कोणी अंड्याला हात लावत नाही, तेव्हाची सगळी अंडी शेजारच्या ख्रिश्चन कुटुंबाकडे जातात आणि बदल्यात कधी फणस तर कधी नुसतं बोलणं येतं. अंडी विकून पैसे करायचे हा हेतू पहिल्यापासून नव्हता. सासूबाईंच्या कोंबड्या होत्या, त्या पुढे चालवायच्या, एवढंच.

सासूबाई कोंबड्या पडवीत डालायच्या. वेताचं मोठं डालगं, खाली गोणपाट, वर फुटक्या पाट्याचा दगड. संध्याकाळी 'बा बा बा' करून कणी टाकायची, एकेक धरून डालग्याखाली सारायची, सकाळी उजाडलं की डालगं उचलायचं. माझं लग्न झालं तेव्हापासून मी हेच बघत आले आणि तेव्हापासूनच पडवीतला तो वास मला सोसत नव्हता. पावसाळ्यात तर जास्तच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पणजीला जाणं बंद झालं, हातात वेळ आला, तेव्हा मीच म्हटलं की मागे परसात चांगलं खुराडं बांधू, कोंबड्यांनाही मोकळं आणि पडवीही स्वच्छ. सासूबाई म्हणाल्या घराजवळ असलेलं बरं. मी त्यांना समजावलं. खूप समजावलं, मोबाईलवर फोटो दाखवून.

ते पहिलं खुराडं मी आणि नवऱ्याने मिळून बांधलं, आणि खरं सांगायचं तर आताच्यापेक्षा दिसायला कितीतरी छान होतं. जुन्या फळ्या घासून रंगवल्या होत्या. तळ नव्हता, थेट मातीवर, का तर कोंबडीला खरडायला माती लागते. डिचोलीच्या बाजारातून कोंबडीची म्हणून मिळते ती षटकोनी भोकांची जाळी आणली, सहा इंच जमिनीत पुरली आणि वाटलं झालं काम. त्या वेळची मी समोर उभी राहिले तर विचारेन, की बाई, तुझं सगळं लक्ष रंगावर कसं गेलं? ती म्हणेल की दुकानदारानेच सांगितलं ही कोंबडीची जाळी. बरोबर आहे. पण ती जाळी कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवायला ती पुरत नाही, तार हाताने वाकते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि विचारावं असं डोक्यातही आलं नाही, घरात चाळीस वर्षं कोंबड्या पाळलेली बाई बसलेली असताना.

२०२१ चा जुलै. म्हादई नदीला पूर आला, डिचोली सत्तरीत घरांत पाणी शिरलं, तोच आठवडा. आमचं घर उंचावर, आम्हाला पाण्याचा त्रास नव्हता, पण लाईट संध्याकाळीच गेली होती आणि पत्र्यावर पाऊस असा की शेजारी झोपलेल्याचं बोलणं ऐकू येईना. रात्री अडीचच्या सुमारास मला जाग आली ती कोंबड्यांच्या ओरडण्याने. आधी एक, एकदम बारीक किंचाळल्यासारखी, मग सगळ्या, मग पंखांचा पत्र्यावर आपटण्याचा आवाज. मी उठून बसले. आदल्या आठवड्यात खुराड्यात पाणी ठिबकलं होतं तेव्हाही त्या अशाच ओरडल्या होत्या, म्हणून वाटलं तेच असणार. छत्री पुढच्या दाराला, बॅटरीचं चार्जिंग संपलेलं, आणि परसात जायचं म्हणजे घोटाभर चिखल. मी उठायचं, नको, उठायचं, नको असं करत बसले आणि दोनचार मिनिटांत आवाज थांबला.

मला बरं वाटलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. गप्प झाल्या, चला, बरं झालं, असं मनात म्हटलं आणि कुशीवर वळून झोपले.

सकाळी पाऊस उघडला होता. सहातल्या चार मरून पडल्या होत्या, मानेशी फाडलेल्या, खाल्लेलं असं फारसं नाही. पाचवी नव्हतीच. सहावी, काळी तलंग म्हणजे तरुण कोंबडी, वरच्या आडव्या वाश्यावर कोपऱ्यात पत्र्याला चिकटून बसली होती, डोळे उघडे, हात लावला तरी हलेना. कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही, म्हणून रात्री काही आत शिरलं तर ती पळतसुद्धा नाही, जागच्या जागी फडफडते. हेही मी नंतर शिकले. जाळी वरून चकचकीत होती, पण जिथे ती मातीत शिरत होती त्या रेषेत मी अंगठा दाबला तर तपकिरी भुकटी होऊन हातात आली. दीड पावसाळ्यात तार आतून संपली होती. भोक माझ्या पंजाएवढं, कडेच्या तारेला तीन पिसं अडकलेली, ओली. पडवीच्या सिमेंटवर चिखलाचे ठसे होते, मांजरापेक्षा मोठे आणि पाच बोटांचे. मांजर कुत्र्याच्या ठशाला चारच बोटं उमटतात. उदमांजर. डालग्याच्या जागेपर्यंत येऊन, तिथे काही नाही बघून ते मागे परसात गेलं होतं.

सासूबाई काठी टेकत आल्या, सगळ्यांकडे बघितलं, मोजलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुका कांय आयकूंक येवंक ना?"

मी म्हटलं, नाही आई, पावसात काहीच ऐकू आलं नाही.

त्या पुढे काही बोलल्या नाहीत. त्यांची खोली माझ्या खोलीला लागून, त्यांची झोप सावध. त्यांनी ऐकलं असणार आणि मी उठेन म्हणून वाट बघितली असणार, कारण त्यांना गुडघ्यामुळे त्या पायऱ्या उतरता येत नव्हत्या. पुढच्या मार्चमध्ये त्या गेल्या. मधल्या आठ महिन्यांत रोज बोलण्याची संधी होती. मी बोलले नाही.

गावात एकाने सापळा लावतो म्हटलं, दुसऱ्याने विष घालायचं सुचवलं. दोन्हीला मी नाही म्हटलं, आणि हे मी वाकडं वळण घेऊन सांगत नाही, सरळ सांगते. उदमांजर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे ती गोष्ट आहेच, पण आमच्या मागे कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, त्याच्या मागे रान, ते तिथे आमच्या आधीपासून आहे. जाळी मी लावली होती.

मग नोव्हेंबरमध्ये पाऊस पूर्ण गेल्यावर दुसरं बांधलं. या वेळी मेस्त बोलावला आणि त्याच्याशी रोज वाद घातला. सहा फूट बाय पाच फूट, म्हणजे एका कोंबडीला चार चौरस फुटांच्या वर जागा, दाटी झाली की त्या एकमेकींना टोचतात. चिऱ्याचे खांब अडीच फूट, मधे पत्र्याचे गोल कॉलर, उंदीर चढू नयेत म्हणून. अर्ध्या इंचाची वेल्डमेश, कारण एक इंचातून घुशीचं पिल्लू जातं आणि बारीक धामणही जाते. दिवसा फिरायला खाली जो जाळीचा भाग आहे तिथे जाळी पुरली नाही, जमिनीवर बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी पसरली आणि वर चिऱ्याचे तुकडे ठेवले. उकरणारा प्राणी भिंतीच्या पायाशी उकरतो, मागे सरकून उकरायचं त्याला सुचत नाही. आणि आडवी जाळी गंजली तर मला दिसते, दर मे महिन्यात दगड उचलून अंगठ्याने दाबून बघते. यू खिळे कुठेच नाहीत. लाकूड पावसात फुगून उन्हात आकसलं की ते सुटतात, म्हणून स्क्रू आणि मोठे वॉशर.

सगळ्यात मोठा वाद झाला तो छपराखालच्या फटीवरून. मला चारी बाजूंनी नऊ इंच उघडी जाळी हवी होती. मेस्त म्हणे बाई, एवढा पाऊस, बंद करा, कोंबड्या गारठतील. आपल्याकडे कसली थंडी? गोव्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, इथे कोंबडीला दमट हवा मारते. ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो, डोळे चुरचुरतात, छाती भरते, आणि बंद खुराड्यात तो तसाच साठून राहतो. पडवीतला जो वास मला नको होता तो हाच, फरक एवढाच की पडवी उघडी होती. शेवटी पश्चिमेकडे, जिकडून पावसाची झोड येते, छप्पर दोन फूट पुढे काढलं आणि फट ठेवली. दर दोन दिवसांनी मी कोंबडीच्या उंचीला वाकून आत वास घेते. माझ्या नाकाला झोंबलं तर खाली पसरलेलं तूस बदलायचं, मग पाऊस असो की काही असो.

झोपायची दांडी दोन इंच रुंद, कडा घासून गोल केलेल्या, अंड्याच्या खोक्यांपेक्षा वर. खोकी वर असली तर त्या खोक्यातच झोपतात आणि अंडी घाण होतात. आता सातांत तीन वनराजा आहेत, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केलेली जात. त्या अंगाने जड, उंचावरून उडी मारली की पाय दुखावतात, म्हणून त्यांच्यासाठी एक दांडी खाली. शिंपल्यांसाठी वेगळा डबा आहे. तिसऱ्यांचं, म्हणजे खायच्या शिंपल्यांचं, सुकं केलं की शिंपल्या धुऊन, वाळवून, कुटून ठेवते, अंड्याचं कवच घट्ट होतं. हे सासूबाईंचं.

आणि दोन कड्या. सगळ्यांचा रोख त्यावरच असतो म्हणून सांगते. कडी कुत्र्याच्या धक्क्याने निघते, घाईत नीट बसत नाही, आणि पणजीहून बसने येऊन सात वाजता पावसात खुराडं लावायला जाणारी मी घाईतच असते. एक कडी लावून वळायला क्षण पुरतो. दोन कड्या आणि पिन लावायची म्हणजे तिथे उभं राहावं लागतं, आणि उभं राहिलं की मोजलं जातं.

त्या नोव्हेंबरपासून रात्री आतली एकही गेलेली नाही. दिवसा गेल्या. एक मुंगसाने, एक शिकारी पक्ष्याने, दोन्ही वेळा मी ऑफिसात. म्हणून मग मोकळं सोडणं बंद करावं का? नवरा म्हणतो कर. दोन आठवडे करून बघितलं, त्या जाळीला चोच घासत फिरायच्या, कुळागराकडे तोंड करून उभ्या राहायच्या, मला बघवलं नाही. परत सोडते. चूक असेल. कधी वाटतं एवढं सगळं त्यांच्यासाठी केलं की रात्री अडीचला मला झोप लागावी म्हणून केलं, आणि झोप तर अजूनही पाऊस जोरात असला की लागत नाहीच, मी उठते, चपला घालते, बॅटरी घेऊन जाते. बॅटरी रोज चार्ज करते. आत सगळ्या दांडीवर ओळीने बसलेल्या असतात, उजेड पडला की एखादी कुरकुरते.

सगळ्या म्हणजे सहा. सातवी ती काळी, त्या रात्रीची. ती या खुराड्यात एकदाही आपल्या पायांनी आत गेली नाही. संध्याकाळ झाली की फणसावर चढते, दुसऱ्या फांदीवर खोडाला टेकून बसते. उदमांजर झाडावर चढतं, अगदी सहज चढतं, हे मला माहीत आहे, आणि तरी ती इतकी वर्षं तिथेच आहे, खुडूक बसून दोनदा पिल्लंही काढली. सुरुवातीला रोज अंधार पडल्यावर शिडी लावून तिला उतरवायचे आणि आत ठेवायचे. सकाळी दार उघडलं की ती सगळ्यांच्या आधी बाहेर. आता फक्त संध्याकाळीच मोठा पाऊस असला की उतरवते.

काल खूप होता, उतरवली. आज दुपारपासून नुसतं झाकोळलंय. शिडी मी फणसाला लावून ठेवलीय.