तुम्ही विचारलंत म्हणून: रूपमती महालातून नर्मदा दिसते का?

पुण्या-मुंबईचे पाहुणे इंदुरात आले, सराफ्यात खाऊन झालं, राजवाडा बघून झाला, की मांडूचा, म्हणजे धारजवळच्या त्या जुन्या डोंगरी किल्ल्यावरच्या रूपमती महालाचा विषय निघतो आणि पाठोपाठ हाच प्रश्न: "तिथून नर्मदा खरंच दिसते का हो?" आमचे हे लगेच, "दिसते की! लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हाच पाहिली," असं ठोकून देतात. मी पोह्यांवर शेव भुरभुरवत गप्प बसते. आज खरं सांगून टाकते.

1996 चा डिसेंबर. गंगवाल बसस्टँडवरून पहाटे धारची बस, तिथून मांडूची. गावात उतरल्यावर ह्यांनी फर्मान काढलं की सायकल नको, गाडी नको, चालत जायचं. "पाच-सहा किलोमीटर तर आहे." नव्या सुनेच्या पायात नव्या कोल्हापुरी. सागर तलाव येईस्तोवर उजव्या अंगठ्याजवळ फोड आला. ह्यांचा रुमाल तिथे बांधला, पण दर दहा पावलांनी तो सुटून मागे लोळायचा.

पुढे रस्त्याला दाईचा महाल लागतो. त्याच्याकडे तोंड करून हाक मारली की प्रतिध्वनी येतो. ह्यांनी इकडे-तिकडे बघितलं, रस्त्यावर कोणी नाही याची खात्री केली आणि माझ्या नावानं ओरडले. रामबागेतल्या घरात सासू-सासऱ्यांसमोर "अगं"च्या पुढे गाडी कधी गेली नव्हती. महालानं नाव अख्खं परत पाठवलं, शेवटच्या अक्षरासकट. ते परतीचं नाव ऐकून हेच लाजले. मांडूतलं मला काय आवडलं असं कुणी विचारलं असतं, तर एवढंच सांगितलं असतं. पण विचारतात सगळे नर्मदेचं.

माळव्याचा सुलतान बाजबहादूर याचा महाल मागे टाकला की शेवटची चढण. रूपमतीचा म्हणतात तो महाल मुळात सैन्याची टेहळणीची जागा, गच्चीवरच्या दोन छत्र्या नंतरच्या. बाजबहादूरची ही राणी रोज नर्मदेचं दर्शन घेतल्याशिवाय जेवत नसे, ही दंतकथा तुम्हाला ठाऊकच असेल. गच्चीच्या कडेला उभं राहिलं की खाली साडेतीनशे मीटरवर निमाड, म्हणजे नर्मदाकाठचा सखल मुलूख, पसरलेलं. त्या दिवशी पसरलेलं होतं ते धुरकट दुधासारखं काहीतरी. चौकीदारानं बोट दाखवलं: "वो देखो साब, सफेद लकीर." ह्यांनी मान डोलावली. मीही डोलावली.

धारच्या स्टँडवर चहा घेताना मी चप्पल काढून पाय मोकळा केला आणि कबूल केलं की मला काही दिसलं नाही. हे म्हणाले, "मला तरी कुठे? तू मान हलवलीस, म्हटलं हिला दिसली असेल." अहो, पहिली मान तुमचीच हलली होती!

रात्री घरी सासूबाईंनी विचारलं, "झालं दर्शन?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्यांनी माठातलं पाणी पुढे केलं: "एवढं लांब कशाला गेलात? नळाला येते की एक दिवसाआड." खोटं नव्हतं ते. 1978 पासून इंदूर नर्मदेचंच पाणी पितं. मंडलेश्वरजवळ जलूदला पंप आहेत, ते पाणी विंध्य चढवून वर आणतात. रूपमतीसाठी बाजबहादूरनं रेवाकुंड तलावातून महालावर पाणी चढवलं होतं. आपण त्या बाबतीत राणीच म्हणायचे, फक्त बादली लावून वाट बघणाऱ्या.

पुढे बऱ्याच वर्षांनी, दिवाळी उलटल्यावर, आम्ही मांडूत मुक्काम करून सकाळी महाल उघडता उघडता पोचलो. तेव्हा दिसली. चांदीची रेघ वगैरे नाही. पत्र्याचा तुकडा शेतात पडून राहावा तशी, मळकट, एका जागी वाकलेली. आणि चौकीदारानं पूर्वी दाखवलेल्या जागेच्या बऱ्याच उजवीकडे.

तेव्हा जायचं तर हवा स्वच्छ असताना, ऊन चढायच्या आत जा. पावसाळ्यात हिरवाई डोळ्यांत मावत नाही, पण ढगच पायाखाली येतात, मग नदी विसरा. चप्पल जुनी घाला. आणि वाटेत भिल्ल बायका खुरासानी चिंचेची (आपली गोरखचिंच) मखमली कवचाची मोठाली फळं घेऊन बसतात. फोडून घ्या, आतला पांढरा गर आंबट असतो. मीठ मात्र घरून न्या.