बूथवर बसलेल्यांची यादी

२३ नोव्हेंबर २०२४ ला सकाळपासून मी वडूजमध्ये माझ्या खतांच्या दुकानात बसून तीन ठिकाणचे फोन घेत होतो. आमचा खटाव तालुका एकच, पण विधानसभेला तो तिघांत वाटला गेलाय. पूर्वी खटाव नावाचा स्वतंत्र मतदारसंघ होता. २००८ च्या पुनर्रचनेत तो गेला. वडूज-मायणीकडची गावं माणला जोडली, पुसेगाव-खटावकडची कोरेगावला आणि पुसेसावळीचा भाग कराड उत्तरला. संध्याकाळपर्यंत तिन्हीकडून एकच निरोप आला. जिल्ह्यातल्या आठही जागा महायुतीनं घेतल्या होत्या, आमच्या महाविकास आघाडीला एकही नाही.

दोन दिवसांनी आमच्या पक्षाचे तालुकाध्यक्ष आण्णा दुकानात आले. राजीनाम्याचा कागद हातानं लिहिलेला होता. "पडलं ते पडलं. आता माझ्यावरनं भांडू नका," म्हणाले. मी सरचिटणीस, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या अंगावर आलं.

एरवी तालुकाध्यक्षपदासाठी एवढी ओढाताण होत नाही. पण जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती. तेव्हापासून प्रशासक. सदस्य नाही, सभापती नाही. कार्यकर्त्याला नाव लावायला एवढंच एक पद उरलं होतं. इच्छुक तिघं: मायणीकडचे बापू, पुसेगावकडचे तात्या आणि पुसेसावळीकडचे निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळे सर म्हणतात.

डिसेंबरातली चिंतन बैठक वाईट झाली. प्रत्येक भागानं दुसऱ्या भागावर ढकललं. कुणी मशीनवर बोललं, कुणी पैशावर. लाडक्या बहिणीचे साडेसात हजार निवडणुकीआधी आमच्याच घरातल्या बायकांच्या खात्यावर आले होते आणि अख्ख्या प्रचारात आम्ही त्यांच्याशी त्याबद्दल धड बोललोही नव्हतो, हे एका वहिनींनी उभं राहून सांगितलं. त्या बैठकीतलं तेवढंच बोलणं मला खरं वाटलं.

पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा होईपर्यंत पुढची बैठक घेता येणार नव्हती. त्या मोकळ्या दिवसांत मी एक काम केलं. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीला नमुना १७ सी ची सही केलेली प्रत देतो. त्या केंद्रावर एकूण किती मतं पडली हे त्यात लिहिलेलं असतं. शेवटपर्यंत बसलेल्या माणसाकडंच ती प्रत असणार. मी गावोगाव फोन करून त्या प्रती मागवल्या. पक्षाच्या लेटरहेडवर ज्यांची नावं होती त्यातल्या बऱ्याच जणांकडं ती नव्हती. ज्यांनी आणून दिली त्यांतली कितीतरी पोरं मला नावानंही माहीत नव्हती. एकानं ती प्लॅस्टिकच्या पिशवीत, ज्वारीच्या पेंडीसारखी जपून ठेवली होती. ते बघून माझं ठरलं: अध्यक्ष कोण, हे ह्यांना विचारायचं.

जानेवारीत जिल्ह्याहून पक्षाचे निरीक्षक आले. त्यांना एकओळी ठराव हवा होता, सर्वाधिकार वरिष्ठांना. "विधानसभेत विरोधी पक्षनेतेपदासाठी दहा टक्के, म्हणजे २९ जागा लागतात. तेवढ्याही आघाडीतल्या एकाही पक्षाला मिळाल्या नाहीत. आणि तुम्ही तालुक्याच्या पदासाठी मतदान घेणार?" मी उभा राहिलो. आवाज कापत होता. म्हणालो, "साहेब, म्हणूनच घ्यायचं." आणि प्रतींचा गठ्ठा टेबलावर ठेवला. आण्णांनी मान डोलावली. शेवटी निरीक्षक म्हणाले, कल घ्या, नाव मात्र जिल्हाच जाहीर करेल.

इथं माझी चूक झाली. कुणी अगदीच नाराज होऊ नये म्हणून मी चिठ्ठीवर दोन नावं लिहायला लावली, पहिली पसंती आणि दुसरी. पण दुसरी पसंती कशी मोजायची, हे आधी लिहून घेतलंच नाही. मोजल्यावर पहिल्या पसंतीत बापू पुढं, तात्या जवळजवळ बरोबरीला, सर मागं. दुसऱ्या नावात मात्र जिथं तिथं सर. दोन्ही धरली तर सर, एकच धरली तर बापू. हॉलमध्ये जो गोंधळ उडाला, तो पराभवाच्या दिवशीही उडाला नव्हता. बापू उठून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. चहा झाला, बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ते म्हणाले, "दुसरं नावबी मोजायचं हाय हे ठावं असतं, तर ते मी लिहिलंच नसतं." त्यांचं बरोबर होतं. निकाल हातात आल्यावर नियम ठरवायचा नसतो. मी माफी मागितली आणि सरांकडं गेलो. ते म्हणाले, पुन्हा घ्या, पण ह्या वेळी आधी कागद करा.

कागद केला. एकच नाव लिहायचं. निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नसतील तर शेवटचा गळेल आणि त्याच बैठकीत पुन्हा चिठ्ठ्या. तिघांच्या सह्या घेतल्या. बैठक औंधला ठेवली, ज्वारीच्या काढणीमुळं थोडी माणसं कमी आली. पहिल्या फेरीत सर गळाले, दुसरीत बापू चार मतांनी निवडून आले. माझं मत दोन्ही वेळा त्यांना नव्हतं, आणि तरीही त्या रात्री मला कित्येक महिन्यांनी शांत झोप लागली.

जिल्ह्याचं पत्र यायला मार्च उजाडला. तेवढ्यात फेब्रुवारीत काँग्रेसनं प्रदेशाध्यक्षपद हर्षवर्धन सपकाळांना दिलं. पुढं जुलैत राष्ट्रवादी शरदचंद्र पवार पक्षात ते इस्लामपूरच्या जयंत पाटलांकडून साताऱ्याच्या शशिकांत शिंद्यांकडं आलं. दोन्हीकडं चिठ्ठ्या टाकायची वेळ आली नाही. राज्याचं गणित वेगळं असेल, पण तालुक्यात अध्यक्षाला ज्यांच्या जोरावर काम करायचं असतं त्यांनीच त्याला निवडावं, असं मला मनापासून वाटतं. पत्रात नाव बापूंचंच होतं. तात्यांना कार्याध्यक्ष केलं होतं. ते आमच्या कागदात नव्हतं, पण कुणी हरकत घेतली नाही.

पत्र मिळाल्या दिवशी बापू दुकानात आले आणि १७ सी ची यादी मागितली. काउंटरवरचा लाल पेन घेऊन, जिथून प्रत आली नव्हती ती गावं एकेक करून खुणावत गेले. आपल्या स्वतःच्या गावापाशी थांबले. तिथंही खूण केली आणि म्हणाले, "उद्या सकाळी हितनं सुरुवात करू. तू ये."