नागपूरच्या बोधिवृक्षाची माय: श्रीलंकेतले आमचे चौदा दिवस

माय म्हणाली होती, "मले बाकी काही पाहाचं नाही. त्या झाडाखाली बसाले भेटलं पायजे, बस."

ते झाड म्हणजे श्रीलंकेत अनुराधापूरला असलेला जय श्री महाबोधी. आम्ही पवनी तालुक्यातले, भंडारा जिल्हा. दीक्षाभूमीवर दरवर्षी जाणं होतंच. तिथला बोधिवृक्ष भदंत आनंद कौसल्यायन यांनी अनुराधापूरहून आणलेल्या फांद्यांचा. आणि अनुराधापूरचा वृक्ष बुद्धगयेच्या बोधिवृक्षाच्या फांदीचा. ती फांदी सम्राट अशोकाची लेक संघमित्रा थेरी घेऊन गेली आणि राजा देवानंपिय तिस्सानं लावली, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात. माणसानं लावलेल्या आणि लागवडीचा काळ ठाऊक असलेल्या झाडांत ते जगातलं सर्वांत जुनं. मी हे सारं मायला सांगितलं तेव्हा तिनं सरळ नातं जोडलं, "म्हणजे आपल्या नागपूरच्या झाडाची माय होय ते."

माय ७६ वर्षांची. १९५६ साली सात वर्षांची होती. माझे आजोबा तिला नागभीड-नागपूरच्या छोट्या रेल्वेनं दीक्षेला घेऊन गेले होते. तिला आठवते ती बापाच्या खांद्यावरून दिसलेली पांढऱ्या कपड्यांची गर्दी. मागच्या पावसाळ्यात तिचे गुडघे फारच दुखायला लागले, तेव्हा मी ठरवलं की आता पुढच्या वर्षावर ढकलायचं नाही.

आधी ग्रुप टूर पाहिल्या. एका टूरवाल्यानं कार्यक्रम पाठवला: चौदा दिवस, नऊ हॉटेलं, रोज सकाळी साडेसातला बॅगा गाडीत. रामायणातली ठिकाणं, समुद्रकिनारे, जंगल सफारी सारं होतं आणि अनुराधापूरला अर्धा दिवस. मी विचारलं, अर्ध्या दिवसात काय होईल? ते म्हणाले, मॅडम, सगळे एवढंच घेतात. त्यांची चूक नाही, पण आमचं तिथं जाण्याचं कारणच त्या अर्ध्या दिवसात होतं. म्हणून मग खासगी गाडी आणि तिकडचाच गाइड घ्यायचं ठरलं. मी, हे, माय आणि धाकटी बहीण, असे चौघं.

ज्यांना म्हाताऱ्या माणसाला घेऊन असं जायचं असेल त्यांच्यासाठी तयारीचं थोडं लिहिते. मायच्या पासपोर्टला वेळ लागला, कारण आधारवर नाव एक आणि मतदार कार्डावर दुसरं. ते दुरुस्त करून नागपूरला अर्ज केला. श्रीलंकेची परवानगी ऑनलाइन मिळते, नाव मात्र पासपोर्टवर आहे अगदी तसंच लिहायचं. विमान नागपूर-चेन्नई-कोलंबो. तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवली, तिचे वेगळे पैसे पडत नाहीत आणि चेन्नईला रांगा टळतात. श्रीलंकेत गाडी चालवणारा आणि माहिती सांगणारा एकच माणूस असतो. त्याच्याकडे तिथल्या पर्यटन खात्याचा परवाना असतो, त्याचा फोटो आधीच मागवून घ्यायचा. प्रवेश तिकिटं पॅकेजमध्ये आहेत का, हे लेखी विचारायचं. आमच्यात नव्हती. नशिबानं मोठ्या पुरातन ठिकाणी सार्क देशांचा (आपला भारतही त्यात) पासपोर्ट दाखवला की परदेशी तिकीट जवळपास निम्म्यावर येतं. पासपोर्ट हॉटेलात ठेवून गेलात तर पूर्ण भरावं लागेल.

नऊ हॉटेलांची मी पाच केली. यासाठी आठ दिवस फोन आणि मेसेज चालले. तिकडचा टूरवाला दर वेळी एक ठिकाण वाढवायचा आणि मी दर वेळी एक खोडायचे. शेवटी विमान सोडून चौघांचे २ लाख १० हजार ठरले. माघ पौर्णिमेला आम्ही अनुराधापूरला असू, असं त्यात बसवलं. तिकडं प्रत्येक पौर्णिमेला सुट्टी असते. तिला पोय म्हणतात आणि त्या दिवशी दारू विकत नाहीत. पौर्णिमेला अनुराधापूरला खोल्या मिळत नाहीत, लवकर ठरवा, हे गाइडनंच आधी कळवलं. तिथंच मला हा माणूस कामाचा वाटला.

विमानतळापासून अनुराधापूर पावणेदोनशे किलोमीटर, तेवढ्याला साडेचार तास लागले. वाटेत जेवायला थांबलो. गाइड आम्हाला टेबलावर बसवून मागच्या खोलीत गेला. तिकडं ड्रायव्हरची जेवायची आणि निजायची सोय वेगळी असते, तशी पद्धतच आहे. मायनं पानाला हात लावला नाही. "ज्याच्या हाती आपला जीव, तो तिकडं बसून जेवते? बलाव त्याले." तो संकोचला, मी पुन्हा सांगितलं, मग आला. त्यानं मायला 'अम्मा' म्हटलं. वाढणाऱ्या बाईनं त्याला 'पुता' अशी हाक मारली, म्हणजे लेका. मायच्या कानानं तो शब्द टिपला आणि त्या दिवसापासून चौदाही दिवस तो तिचा पुता झाला.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. दुसऱ्या दिवशी त्यानं गाडी मसाल्याच्या बागेत नेली. तिथल्या माणसानं मायच्या गुडघ्याला तेल चोळलं आणि छोट्या बाटलीचे एवढे पैसे सांगितले की आमच्या गावी तेवढ्यात महिन्याचा किराणा येईल. मायला 'नाही' म्हणता आलं नाही. संध्याकाळी ह्यांनी गाइडला बाजूला घेऊन शांतपणे विचारलं. त्यानंही लपवलं नाही. म्हणाला, दुकानांकडून मिळतं त्यावर माझं घर चालतं, पगार कमी आहे. ह्यांनी सांगितलं, तुझं जे बुडेल ते आम्ही शेवटी हातात देऊ, पण आता एकही दुकान नको. त्यानं शब्द पाळला, आम्हीही पाळला. हे बोलणं पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं.

पौर्णिमेला पहाटे पाचला निघालो. चौघंही पांढऱ्यात. तिकडंही विहारात जाताना पांढरंच घालतात, त्यामुळे आम्ही त्या गर्दीत वेगळे दिसलोच नाही. दाराशी चपला काढायच्या, टोपी काढायची. दुपारी दगड तापतात, म्हणून पायमोजे जवळ ठेवा, ते चालतात. फाटकाबाहेर एक म्हातारी कमळं विकत होती. मायनं बोटं दाखवून पाच फुलं मागितली. म्हातारी मोजायला लागली: "एक, देक, तुन, हतर, पह." माय थबकली. "वं, हे तं आपलंच मोजून राहिली!" मग दोघींनी पुढं मोजलं. तिकडून हय, हत, अट, नवय, दहय आणि इकडून सहा, सात, आठ, नऊ, दहा. पाचाऐवजी दहा फुलं घेतली गेली. सिंहली आणि मराठी दूरच्या बहिणी आहेत हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण मायला ते कमळं मोजता मोजता कळलं.

झाड पाहून मला आधी भीतीच वाटली. दीक्षाभूमीवरच्या झाडासारखा भरगच्च विस्तार तिथं नाही. उंच चौथऱ्यावर, सोनेरी कठड्याच्या आत, एक बारीकशी आडवी फांदी आणि तिला खालून सोनेरी टेकू दिलेले. भोवती जी मोठी झाडं दिसतात ती तिच्या सोबतीला, तिला जपायला लावलेली. एखाद्या फार म्हाताऱ्या माणसाला चार जणांनी हात देऊन उभं केलं असावं तसं दिसतं. माय वाळूत बसली. बराच वेळ काही बोलली नाही.

शेजारी तिच्याच वयाची एक बाई मांडी घालून बसली होती. तिनं हात जोडून सुरू केलं, "नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स." मायनं दुसऱ्या शब्दाला आवाज मिसळला. त्रिसरण झालं, पंचशील झालं. चाल वेगळी होती. तिकडं जिथं स्वर लांबवतात तिथं आपण तोडतो, त्यामुळे दर ओळीच्या शेवटी एकमेकींसाठी थांबावं लागे. दोघी थांबत होत्या. संपल्यावर त्या बाईनं "साधू, साधू, साधू" म्हटलं, मायनंही म्हटलं. मायला लिहिता येतं ते फक्त सही पुरतं. सारी वंदना तिनं गावच्या विहारात ऐकून ऐकून पाठ केलेली. ती इथं, समुद्रापलीकडं, शब्दाला शब्द जुळली. मी आणि बहीण बाजूला बसून नुसत्या रडत होतो.

तिथं लोक पानाची वाट पाहतात. पान तोडायचं नाही, गळालं तर उचलायचं. अकराच्या सुमारास वारा सुटला आणि एक पिवळं पान मायच्या पदराजवळ पडलं. मागं कडेवर लेकरू घेतलेली एक तरुणी उभी होती, तीही त्या पानाकडेच पाहत होती. मायनं पान उचललं आणि तिच्या लेकराच्या मुठीत दिलं. मी म्हटलं, माय, एवढ्या दुरून आलो ना. ती म्हणाली, "आपल्या नागपुरात हायेच की हे पान."

दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलेलं. मायनं रात्री विचारलं, "उद्या अजून एकडाव बसू देशीन का?" मी गाइडला फोन केला. त्यानं पुढच्या हॉटेलशी बोलून नुवरा एलियाची रात्र रद्द केली. तिचे पैसे बुडाले, चहाचे मळे गाडीतूनच पाहिले. मला त्याची जराही खंत नाही. हीच सोय विकत घेण्यासाठी तर आम्ही ग्रुप सोडला होता. जवळच्या मिहिंतलेला, संघमित्रेचे भाऊ महिंद थेरांनी राजाला पहिल्यांदा धम्म सांगितला त्या टेकडीला, १८४० पायऱ्या आहेत. गाडी बरीच वर जाते म्हणून मायला निम्मं तरी पाहता आलं.

ह्यांचा जीव मात्र कलावेवमध्ये अडकला. वेव म्हणजे तलाव. आमच्याकडं मालगुजारी तलाव आहेत, कोहळी लोकांनी बांधलेले. त्यांच्यावरच आमची धानाची शेती उभी राहिली. मालगुजारी म्हणजे जुनी जमीनदारी, ती गेल्यावर तलाव सरकारकडे गेले आणि किती तरी गाळानं भरले. कलावेव पाचव्या शतकात धातुसेन राजानं बांधला. तिथून अनुराधापूरला जाणारा कालवा सुमारे ८७ किलोमीटरचा आणि सुरुवातीच्या लांब पट्ट्यात त्याला उतार आहे किलोमीटरला जेमतेम दहा सेंटिमीटर. हे पाळीवर उभे राहून तीनदा म्हणाले, "दहा सेंटिमीटर! बांधीतलं पाणी सपाट करताना आमचा दिवस जाते." तलावाच्या पाळीत दगडी चौकोनी विहीर असते, बिसोकोटुव, तिच्यामुळं सुटणाऱ्या पाण्याचा जोर आवरता येतो. गाइडनं ती वहीत काढून दाखवली. ते पान ह्यांनी फाडून घेतलं, अजून पाकिटात आहे. गाइडनं तिकडची म्हणही सांगितली: "वेवयि, दागबयि, गमयि, पन्सलयि." तलाव तिथं स्तूप, गाव तिथं विहार. हे म्हणाले, मग आमची पवनी तीच की. वैनगंगेकाठी, तलावांच्या मुलखात, जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खननात निघालेला स्तूप. इतकी वर्षं आम्ही तो शेजारी असूनही जवळ जाऊन नीट पाहिला नव्हता.

धातुसेनाचीही गोष्ट सांगतात. त्याच्या मुलानं, कश्यपानं, खजिना दाखव म्हणून धमकावलं, तेव्हा राजा कलावेवच्या पाण्यात उतरला, ओंजळ भरली आणि म्हणाला, माझं धन एवढंच. मुलानं त्याला मारलं आणि सिगिरियाच्या खडकावर महाल बांधला. सिगिरियाला सुमारे १२०० पायऱ्या आहेत. मी आणि बहीण चढलो, वर चित्रं अप्रतिम आहेत, फोटो काढू देत नाहीत. हे चढले नाहीत. "तलाववाल्याचं पाहिलं, पुरे," म्हणून मायसोबत खाली केशरी शहाळं पीत बसले.

पोलोन्नरुवाचं गल विहार मात्र कोणी चुकवू नये. एकाच खडकात कोरलेली चौदा मीटरची निजलेली बुद्धमूर्ती. मूर्तीच्या डोक्याखाली दगडाची उशी आहे आणि डोक्याच्या भारानं ती उशी दबलेली दाखवली आहे, कापसाची दबते तशी. वरचं पाऊल खालच्यापेक्षा किंचित मागं सरकलेलं, ती महापरिनिर्वाणाची खूण. बहीण मूर्तीकडे पाठ करून सेल्फी घ्यायला लागली तेव्हा गाइडनं हळूच अडवलं. तिकडं बुद्धाकडे पाठ करून फोटो काढणं अपमान मानतात. कँडीला दंतधातूच्या विहारात, म्हणजे जिथं बुद्धाचा दात जपलाय तिथं, ढोल वाजत होते, रांग मोठी होती, दाताच्या करंडकाचं दर्शन क्षणभरच झालं. १९५० साली बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी याच देशात आले होते, हे मायला तिथं रांगेत उभं असताना सांगितलं. ती म्हणाली, "तवा त्यायनंही हेच ढोल आयकले असतीन." शेवटचे दोन दिवस गाल या शहराच्या किल्ल्यात गेले, समुद्र पाहून झाला.

विमानतळावर गाइडनं वाकून मायच्या पायाला हात लावला. मायनं पदराची गाठ सोडून आपले वेगळे जपलेले पैसे त्याला दिले, आमच्या ठरलेल्या रकमेशिवाय. किती ते आम्ही विचारलं नाही.

नागपूरला उतरलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. गावची गाडी आली होती, पोरगा म्हणाला, उमरेडवरून सरळ निघू, दिवस असताना पोचू. माय म्हणाली, आधी दीक्षाभूमी. तिथं ती बोधिवृक्षापाशी गेली, बुंध्याच्या बाजूनं हात टेकायला जागा शोधली आणि झाडाला सांगितलं, "तुया मायले पाहून आली. बरी हाये. लोकं जपतेत तिले."

मग गाडीत बसली आणि भिवापूर येईपर्यंत झोपली.